मूळ घटनेत बायका कुठे होत्या?

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज चर्चमधल्या मिस्सानंतर आखातातल्या आपल्या वादी अदाईत आमच्याकडे वसईकर चहाला जमले होते. टीव्हीवर अमेरिकेतल्या नव्या न्यायाधीशाच्या नेमणुकीवरून दोन पक्ष भांडत होते.

आपल्या वसईकर मंडळाचे अध्यक्ष पास्कलदादा म्हणाले, "न्यायाधीशाने मूळ घटनेत लिहिलंय तेवढंच बघावं. खलास."

मी म्हटलं, "मुळात तिथे गुलामी होती, बायकांना मत नव्हतं."

"ते नंतर सुधारलं की."

"मग आपल्या मंडळाचं कधी सुधारणार? एका घराला एक मत, तेही नवऱ्याचं. मी तर नर्स म्हणून इथे नवऱ्याच्या आधी आले."

दादांनी विषय बदलून अजून एक चहा मागितला. मी जागची उठले नाही.

पुढच्या सभेत मतदानाला मीही हात वर करणार आहे. दादा, तुम्हीही या ग्रुपवर आहात. तो हात मोजणार की नाही, इथेच सांगा.