आतोबांच्या मोटारीतली किणकिण

सत्तरच्या दशकात परभणी जिल्ह्यात जेवढ्या म्हणून मोटारी धावत होत्या, त्या सगळ्यांची दुखणी आमच्या आतोबांना तोंडपाठ होती. त्यांतलं एकही बरोबर नव्हतं, एवढंच. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. पूर्णेला त्यांची धान्याची आडत होती आणि आडतीवर बसायला थोरला मुलगा होता, त्यामुळे आतोबांना स्वतःच्या दोन कानांकडे लक्ष द्यायला भरपूर सवड होती. देवानं आपल्याला हे कान नुसते ज्वारीचे भाव ऐकायला दिलेले नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत. एखादी मोटार रस्त्यानं खडखडत निघाली की हातातला घास ताटात ठेवून ते मान तिरकी करत, डोळे मिटत आणि पंगतीला बसलेल्या सगळ्यांना हातानंच गप्प करत. मोटार वळणापलीकडे गेली की डोळे उघडून म्हणत, "मागचं बेरिंग. ही काय दिवाळी बघत न्हाई." ती मोटार पुढं कितीतरी दिवाळ्या बघायची. आतोबांचं त्यावर काही म्हणणं नसे. रोगी जगला म्हणून वैद्याला कुणी बोल लावतं का? मग ते पुन्हा घास उचलत.

जवळून तपासणी करायची असेल तेव्हा त्यांच्याकडे एक खास हत्यार होतं, ते म्हणजे आत्याच्या चुलीची लोखंडी फुंकणी. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि बोनेटवर ओणवं होऊन बराच वेळ तसंच राहायचं. इकडे आत्या चुलीपुढं धुरानं डोळे चोळत फुंकणी शोधत असायची आणि तिकडे पंचायत समितीच्या जीपचा ड्रायव्हर आतोबांच्या तोंडाकडे बघत उभा असायचा. तपासणी संपवून ते निदान सांगायला वळत, तेव्हा त्यांच्या कानाभोवती काजळीचं गोल कडं उमटलेलं असे. ते पुसायचं त्यांच्या कधी ध्यानात येत नसे. बाजारात आतोबांचा उजवा कान काळा दिसला की लोक ओळखायचे, आज कुणाची तरी गाडी तपासली. लोक हसायचे, पण गाडी कुरकुरली की पुन्हा त्यांच्याच दारात आणून उभी करायचे, कारण त्यांच्याइतक्या आपुलकीनं गाडीचं ऐकून घेणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. शिवाय आत्या चहा करायची.

एकदा मी त्यांच्याबरोबर पाथरीला एका लग्नाला चाललो होतो. एस्टीत आतोबा नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर. गाव सुटलं तशी त्यांची मान तिरकी झाली. मी मनात म्हटलं, झालं. थोड्या वेळानं त्यांनी पुढं वाकून ड्रायव्हरला अगदी मायेनं विचारलं, "लेकरंबाळं हायत का तुमाला?" ड्रायव्हर म्हणाला, हायत. "मंग गाडी थांबवा. ॲक्सल तुटायलाय." गाडी थांबली. उतारू उतरले, बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या, एका म्हाताऱ्यानं तर आतोबांच्या पायाला हात लावला. अर्ध्या तासाच्या शोधाशोधीनंतर कंडक्टरनं टपावरून ओरडून सांगितलं की, कुणाचा तरी पत्र्याचा पाळणा दोरी सुटून हिंदकळतोय. उतारू आतोबांकडे बघायला लागले. आतोबा जराही डगमगले नाहीत. "पाळणा हायच," ते म्हणाले, "पण त्याच्या आडून ॲक्सल बी बोलायलाय." पडलो तरी नाक वर, ही म्हण मी शाळेत शिकलो होतो, तिचा अर्थ मला त्या दिवशी पाथरीच्या रस्त्यावर नीट कळला.

अशा माणसानं स्वतःची मोटार घेतली तेव्हा गावाला किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. गाडी जुनी होती, विलायती होती, निजामाच्या अमदानीत कुण्या तालुकदाराच्या दारात झुलत होती म्हणे. आता तिला पुढून हँडल मारावं लागायचं आणि एक दार दोरीनं बांधावं लागायचं. पण आतोबांनी ती हौसेखातर घेतली नव्हती. आत्याचे गुडघे धरले होते. आधी तिला कुठं जायचं तर दारात दमणी होती, म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी बैलगाडी, आणि दमणीला माणक्या नावाचा बैल होता. आत्याला लग्नात माहेरहून आंदण मिळालेल्या गाईच्या वंशातला तो. आत्याला ऐकायला बरंच कमी यायचं, पण माणक्याशी ती तासन्‌तास बोलायची, आणि दोघांचं कधी वाजलं नाही. तो म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. त्याचा जोडीदार आतोबांनी शेत कसणाऱ्याला देऊन टाकला, दमणी मोडीत निघाली आणि तिच्या जागी ही मोटार आली. आत्या पायरीवर बसून म्हणाली, "मी न्हाई बसत. जीव नसलेल्या गाडीत कुणी बसावं?" आतोबांनी तिला मोटारीचे गुण ओरडून ओरडून सांगितले. सगळ्या पूर्णेला ते पाठ झाले. आत्या काही हलेना. दुखऱ्या गुडघ्यांनी ती देवळात चालत जायची आणि आतोबा रिकामी मोटार घेऊन तिच्या मागून बैलाच्या चालीनं जायचे.

मग पोळा आला. दारात बैल नव्हता, पण आत्यानं मातीचे बैल पुजले, आणि मग सगळ्यांच्या देखत मोटारीच्या चाकांना हळद लावून बोनेटसमोर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "चला, ताडकळसला बहिणीकडं नेऊन आणा." आतोबांचा आनंद गगनात मावेना. माझी भाषणं अखेर कानात शिरली, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. मी तेव्हा परभणीला शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. आत्या मोटारीत बसली हे सांगायला आतोबा खास रेल्वेनं माझ्याकडे आले होते. जाताना आमच्या घरातल्या पंख्याचं बेरिंग गेल्याचंही सांगून गेले.

आणि नेमका त्याच सुमाराला मोटारीत तो आवाज सुरू झाला. गाडी उभी असली की काही नाही. रस्त्याला लागली, खड्ड्यात आदळली, की मागच्या बाजूनं बारीक किणकिण यायची. आतोबांनी एकदाच कान दिला आणि सांगून टाकलं, "डिफरन्शियल." मागच्या चाकांमधला तो लोखंडी गोळा स्टेशनापलीकडच्या मिस्त्रीनं उघडला, धुतला, पुन्हा बसवला. किणकिण होतीच. मिस्त्री म्हणाला, "आप्पा, गाडी में कुछ बी नै है. तुम्हारे कान में है." आतोबांनी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही. मग त्यांनी पद्धतशीर तपास मांडला. रविवारी मी आलो की मला गाडीत मागच्या सीटपुढं खाली पालथं झोपवून कान तळाला लावायला सांगायचे, पोस्टमास्तर डिकीत, मिस्त्री बाहेर पायफळीवर, आणि स्वतः फुंकणी मांडीवर घेऊन गाडी हाकायचे. मी म्हणायचो वरून येतोय, पोस्टमास्तर आतून ओरडायचे पुढून येतोय. तो धिप्पाड माणूस डिकीत आहे हे विसरून आतोबा एकदा गाडी सावलीला लावून जेवायला बसले, त्या दिवसापासून पोस्टमास्तर आमच्या तपासातून बाहेर पडले. आत्या दारातून हे सगळं बघायची. "काय झालं गाडीला?" असं तिनं विचारलं की आतोबा तिच्या कानाशी ओरडून सांगायचे, "डिफरन्शियल!" ती मान हलवायची. मोटारीच्या असल्या भानगडीत बायामाणसांनी काय बोलायचं, असा तिचा चेहरा असायचा. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य दमणीत गेलं, त्याला ती किणकिण ओळखू येऊ नये याचं मला पुढं फार नवल वाटलं. पण मोटारीत बसलं की त्यांच्या कानांना मोटारीशिवाय काही ऐकूच यायचं नाही.

गावात चेष्टा सुरू झाली. दिव्याखाली अंधार, असं लोक तोंडावर म्हणायला लागले. कापसाचे एक मोठे व्यापारी होते, त्यांचा त्या मोटारीवर पहिल्यापासून डोळा. आडतीवर चार माणसांत बसून ते म्हणाले, "आप्पा, जिल्ह्याच्या गाड्यांचं ऐकता अन् घरच्या गाडीचं कळंना तुमाला. द्या मला, मी बघतो." आतोबांना ते फार लागलं. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "दसऱ्याला सोनं वाटायच्या आत आवाज बंद करून दाखवतो. न्हाई केला तर गाडी तुमच्या दारात आणून लावतो. हा माझा शब्द." आमच्याकडे आडतीचा सगळा व्यवहार जिभेवर चालतो. पोतं न बघता माल उचलतात तो शब्दावर. आतोबांची सगळी निदानं चुकली असतील, पण दिलेला शब्द त्यांनी कधी चुकवला नव्हता. तेव्हा आता गाडी जाणार किंवा आवाज जाणार, हे सगळ्यांना कळून चुकलं. मला आत्याच्या गुडघ्यांची काळजी वाटायला लागली.

खंडे नवमीला हत्यारं, वाहनं धुऊन पुसून पुजायची म्हणून मी सकाळीच पूर्णेला गेलो. आतोबा गळ्यातलं इष्टलिंग बंडीच्या आत सारून गाडीत शिरले होते. अनेक रात्रींची झोप उडाल्यासारखा चेहरा झाला होता. धूळ झटकायची म्हणून आम्ही दोघांनी मागची सीट उचलून उलटी केली, आणि किण्ण् करून वाजलं. सीटच्या खालच्या एका स्प्रिंगला लाल दोऱ्यानं एक पितळी घुंगूर बांधलेलं होतं, आत्याच्या नेहमीच्या बसायच्या जागेच्या बरोबर खाली. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. एका अंगाला पोचा होता. माणक्या वासरू असताना गोठ्याच्या उंबऱ्यावर आपटून त्याच्या गळ्यातल्या घुंगराला आलेला तो पोचा घरातल्या सगळ्यांना माहीत होता.

मला हसू फुटलं. मी आत्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर आतोबांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांनी त्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "म्हणून बसली व्हय ती." त्यांच्या भाषणांचा पराक्रम एका घुंगरापुढं वाहून गेला होता, पण त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, काढून टाका, आवाज बंद, गाडी तुमची. "काढलं तर कुंकू लावायला हात घातला की तिला कळंल," ते म्हणाले. "अन् तिला सांगितलं तर ती आपल्या हातानं काढून देईल. मंग बसंल का ती ह्या डबड्यात?" त्यांनी सुटत आलेली दोऱ्याची गाठ पुन्हा नीट मारली, आम्ही सीट जागेवर ठेवली आणि तिच्यावर झेंडूची माळ घातली. जन्मभर चुकीचं निदान छातीठोकपणे सांगणाऱ्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बरोबर निदान झालं होतं, आणि तेच त्याला कुणाला सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवेवरच्या शमीपाशी सगळं गाव जमलं. कापूसवाले पुढं आले. "मंग आप्पा? आवाज?"

"सापडला न्हाई," आतोबा म्हणाले.

"मंग गाडी?"

"गाडी देत न्हाई. शब्द माघारी घेतला म्हणा."

आतोबांनी सगळ्यांना हात जोडले, कापूसवाल्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, आणि त्यांनी पान परत द्यायची वाट न बघता ते वळले. मला खरं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण त्यांनी मला आधीच बजावलं होतं.

त्यानंतर गावानं त्यांना सोडलं नाही. आडतीवर कुणी नवा सौदा केला की "शब्द आप्पांचा तर न्हाई ना?" असं मुद्दाम विचारायचे. गाडी तपासायला त्यांच्या दारात पुन्हा कुणी आलं नाही. ज्याला घरच्या मोटारीचा आवाज सापडला नाही त्याच्याकडे कोण येणार. सगळ्यांत जास्त बोलली आत्या. तिला हे त्याच रात्री कळलं आणि झोपेपर्यंत ती त्यांना ऐकवत होती. "शब्द दिलता तर द्यायची होती गाडी. मी काय, गेले असते चालत. चार माणसांत मान खाली घालायची म्हणजे काय?" आतोबा पाटावर बसून, अपराध्यासारखी मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. मला एवढा अभिमान कुणाचा वाटला नव्हता.

आता दोघंही नाहीत, आणि ती मोटार कुठं मोडीत गेली तेही मला सांगता येणार नाही. मला त्यांची आठवण येते ती त्याच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. आम्ही तिघं सोनं द्यायला ताडकळसला चाललो होतो, आतोबा गाडी हाकत होते, मी शेजारी, आत्या मागं तिच्या जागेवर. रस्ता नेहमीसारखाच होता आणि प्रत्येक खड्ड्याला ते घुंगूर खणखणीत वाजत होतं. आत्याचा राग अजून पुरता गेला नव्हता. तरी थोड्या वेळानं ती पुढं वाकली आणि तिनं विचारलं, "यायलाय का हो आवाज अजून?"

आतोबांनी मान वळवून, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "न्हाई. बंद झाला."

"बरं झालं बाई," आत्या म्हणाली आणि निवांत मागं टेकली.

मी आतोबांकडे पाहिलं. त्यांची मान सवयीनं तिरकी झाली होती, पण या वेळी ते निदान करत नव्हते. ते नुसतं ऐकत होते.