खळ लावून चिकटवलेला शेवट

लढाईचं कंचं पुस्तक खरं आन् कंचं खोटं, हे आमच्या कोल्हारच्या पंचक्रोशीत माज्याइतकं कुनालाच कळत न्हवतं. मला वाचता येत न्हवतं, एवढी एकच अडचन हुती.

आता बी येत न्हाई. मी बोलतोय आन् नात लिवतीय. मधीच ती थांबून माज्याकडं बगती, तवा समजायचं काय तरी चुकलं. तिला सांगून ठेवलंय, माजं हाय तसं लिव, त्याला शानं करू नको.

गोष्ट चाळीस सालानंतरची. दुसरी लढाई चालू हुती. नगर-मनमाड रस्त्यानं लष्कराच्या मोटारी जायच्या, एकीची धूळ बसायच्या आत दुसरी यायची. त्या रस्त्यापासनं नदीकडं उतरताना गावचं वाचनालय हुतं. वाचनालय म्हंजी एक खोली, दोन कपाटं, एक बाकडं आन् बाहेर वटा. मिशनच्या शाळंतले एक मास्तर ते चालवायचे. शाळा सुटली की यायचे आन् दिवे लागंस्तोवर बसायचे. बाकी दिवसभर मी. झाडायचं, प्रवरंचं पानी आनून माठ भरायचा, कपाटात लिंबाचा पाला टाकायचा, पावसाळा सरला की पुस्तकं घोंगडीवर उन्हात घालायची, आन् फाटलेल्या पुस्तकाला खळ लावायची. कनिक पान्यात शिजवली की खळ व्हती. त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हंजी पुस्तकाला किडा लागत न्हाई. खळीचा त्यो आंबूस वास आन् उन्हात तापल्याल्या पुस्तकांचा वास, दोन्ही मिळून काय व्हायचं ते मला सांगता येत न्हाई. आता नात कंचं बी पुस्तक आनती, मी आधी त्याचा वास घेतो. ती म्हनती, आजोबा, हे खायचं न्हवं.

मास्तर नसले की लोक मलाच इचारायचे. घराघरातनं कोन ना कोन पलटनीत गेलेलं. चावडीवर रोज नवी बातमी, आन् सांजंला तीच बातमी खोटी. त्यामुळं लोकांना पुस्तक पायजे हुतं, लढाईचं, पन घडलेलं. म्हनायचे, "रचलेलं नको. जे झालंय ते दे."

आता मला काय कळतंय? पन गावात एक पेन्शनर हवालदार हुते, पयल्या लढाईत इराकात बसऱ्याला जाऊन आलेले. ते वट्यावर बसून मास्तरांचं वाचन ऐकायचे. कंचं बी लढाईचं पुस्तक निघालं की इचारायचे, "मास्तर, उवा हायत का यात?"

मास्तर पानं चाळून सांगायचे, "उवा नाहीत."

"मग ठिवा. ज्यात उवा न्हाईत ती लढाई न्हवं. घरी जेवून-खाऊन लिवलंय."

ते मी उचललं आन् माजंच म्हनून सांगाय लागलो. वर स्वतःची भर घातली. म्हनायचो, खऱ्या पुस्तकात गडी चालतो लई आन् लढतो कमी. त्याला दर दोन पानाला तहान लागती. सायबाचा रस्ता चुकतो. घरचं टपाल येत न्हाई. खोट्या पुस्तकात मानूस भाषन केल्याबिगर मरत न्हाई. लोक मान हलवायचे. एकानं तर मला शेजारच्या गावात नेऊन चहा पाजला.

दुसरी माजी खूण म्हंजी आंगठ्याचा मळ. ज्या पुस्तकाच्या पानांचे कोपरे काळे, ते चांगलं. ह्या हिशेबानं मी एका शेतकऱ्याला एक जाड पुस्तक दिलं आन् सांगितलं, डोळं झाकून न्या. आठ दिसांनी त्यो परत आला. म्हनला, "उवा हायत रं यात, पन मेंढरांच्या." जनावरांच्या रोगांचं पुस्तक निघालं ते.

तरी लोक इचारायचे थांबले न्हाईत, आन् मी सांगायचा थांबलो न्हाई.

अशात एक दिवस आत्या आली. सगळ्या आळीची आत्या, सख्खी कुनाचीच न्हवं. नवरा लवकर गेलेला, एकच पोरगं. ते नगरला जाऊन लष्करात भरती झालं, मोटार चालवाय लागलं. पयली पयली पत्रं यायची, मास्तर वाचून दाखवायचे. एका पत्रात लिवलं, आमाला बसऱ्याकडं न्यायलेत. त्या पत्राला पाच महिनं झालं हुतं, पुढं काय न्हाई.

आत्या वहाना बाहेर काढून दारात हुबी राहिली.

"माजं पोरगं जिथं गेलंय तिथलं पुस्तक हाय का रं?"

"हाय की. लाल पुठ्ठ्याचं. मागल्या लढाईत आपल्याकडचाच एक शिपाई तिथं गेल्ता, त्यानं स्वतः लिवलंय. सगळं घडलेलं. उवा हायत, तहान हाय, वेढ्यात अडकल्यावर घोडी कापून खाल्ली ते बी हाय. हवालदारांनी पास केलंय."

"शेवट कसा हाय?"

शेवट मी ऐकलाच न्हवता. मास्तर निम्म्यावर आले तवा वट्यावरची मानसं शेतीच्या कामाला लागली आन् वाचन तिथंच राहिलं. पन जो गडी घोडी कापून खाल्ल्याचं सांगतो, त्यो जगला म्हनूनच सांगतो ना? एवढा हिशेब मला येत हुता.

"गोड हाय," मी म्हनलो. "गडी घरी येतो, आई भाकरी वाढती."

भाकरी माज्या पदरची.

आत्यानं ते पुस्तक धुतल्या लुगड्यात गुंडाळून नेलं. घरी पाट मांडला, त्यावर पुस्तक ठेवलं, हळद-कुकू वाहिलं आन् मास्तरांना निरोप धाडला, रोज दिवेलागणीला येऊन एक अध्याय वाचा.

मास्तर म्हनले, "आत्या, ही पोथी नाही. लढाईची हकीकत आहे."

"खरं हाय का न्हाई त्यात?"

"खरं आहे."

"मग पोथीच."

मास्तर किरिस्ताव, पन आत्यापुढं त्यांचं बी काय चाललं न्हाई. रोज दिवेलागणीला ओसरीवर आळीतल्या बाया जमायच्या, मास्तर कंदिलाजवळ बसून वाचायचे, मी खांबाला टेकून. काय दिवस हुते ते. शिपायाच्या बुटाचा तळ गेला की बाया च्च् च्च् करायच्या. सायबानं दोनदा रस्ता चुकवला तवा एक जन म्हनली, "आमच्या मालकाच्या वळनाचाच दिसतोय." सगळी ओसरी हसली. आत्या मधी मधी इचारायची, "मास्तर, त्याला आज पानी मिळालं का?" आन् मिळालं म्हनलं की स्वतः एक घोट प्यायची.

वाचून झालं की ती पुस्तक हातात घ्यायची आन् राहिलेल्या पानांवर बोट आडवं धरून मापायची. "दोन बोटं राहिली." "आता आंगठ्याएवढी." पोथी हाती धरली की मधी सोडायची न्हाई, समाप्तीला पुरनपोळी घालायची, आन् समाप्ती झाली की पोराचं पत्र यील, असं तिनं मनाशी धरलं हुतं. कुनाला बोलली न्हाई, पन आळीला ठावं हुतं.

समाप्तीच्या दिवशी सकाळी मास्तर शाळंत जाता जाता वाचनालयात आले. मी घोंगडीवर पुस्तकं पसरत हुतो.

"त्या पुस्तकाचा शेवट तू ऐकलायस का?"

"मास्तर, मी कुठला."

"मी काल पुढचं चाळून पाहिलं. शेवटचं प्रकरण त्या शिपायानं लिहिलेलंच नाही. त्याच्या भावानं लिहिलंय. शिपाई तिकडंच दवाखान्यात तापानं गेला. त्याची वही घरी आली, ती भावानं छापली." मग माज्याकडं बगून म्हनले, "आत्याला शेवट गोड आहे म्हणून कुणी सांगितलं?"

मी पुस्तकं पसरतच राहिलो.

तवा मला त्या पुस्तकाची शेवटची पानं आठवली. अख्ख्या पुस्तकाचे कोपरे काळे आन् शेवटची पंधरा-वीस पानं पांढरी सफेत. मी मागं लोकांना सांगत हुतो, शेवटाला मानसं हात धुवून बसली असतील. मानसं तिथं वाचायची थांबली हुती, हे माज्या टाळक्यात शिरलं न्हवतं.

"मास्तर, आज तेवढं सोडून वाचा. कालचाच अध्याय शेवटचा म्हनून सांगा. बाई त्या पत्राच्या आशेवर हाय."

"जे छापलंय ते मी वाचणार. नसलेलं सांगायचं मला जमत नाही," मास्तर म्हनले आन् गेले. जाताना काय त्यांचा चेहरा सुखाचा न्हवता.

मला कामं दोनच येत हुती, पानी भरनं आन् खळ लावनं. दुपारी आत्याकडं गेलो. ती पुरनाला डाळ शिजत घालत हुती. म्हनलो, "आत्या, पुस्तकाची शिवन उसवलीय, जरा खळ लावून आनतो. समाप्तीला नीट दिसाय पायजे." तिनं हात पुसून पुस्तक माज्या हातात दिलं. देताना डोक्याला लावलं.

वाचनालयात बसून मी ती पांढरी पानं एकाला एक चिकटवली आन् सगळा गठ्ठा मागल्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकला. दगडाखाली दाबलं. एवढं झाक काम मी जल्मात केलं न्हवतं. वाटलं, मास्तरांना खोटं बोलायला नको, आत्याला रडायला नको, आन् मला तोंड लपवायला नको. घाईत एकच राहिलं, ते वाळवायचं. इतकी वर्सं खळ लावतोय, वली खळ धरत न्हाई हे मला ठावं न्हवतं व्हय? पन त्या दिवशी इसरलो.

दिवेलागण झाली. ओसरी भरली. पुरनाचा वास सुटलेला. मास्तरांनी पुस्तक उघडलं, पान उलटाय गेले, उलटंना. त्यांनी चष्म्यावरनं माज्याकडं बगितलं. मी आढ्याकडं बगितलं.

"आत्या, पुढची पानं चिकटली आहेत."

आत्यानं पुस्तक घेतलं. आधी बोट आडवं धरलं. "काल करंगळीएवढी राहिल्ती. गेली कुठं?" मग पुठ्ठा दाबून बगितला, नाकाशी नेला. मग माज्याकडं.

"तू का रं?"

"आत्या, शिवन..."

"शिवन हिकडं असती. हे तिकडं काय चिकटवलंस?"

मी म्हनलो, "शेवट गोड न्हाई, आत्या. मला ठावं न्हवतं. मी आपलं बोलून गेलो."

वाटलं, आता हातातलं पुस्तक टाळक्यात बसतंय. आत्या उठली, आत गेली आन् कोमट पान्यात बुडवून पिळलेलं फडकं घेऊन आली. पानांच्या कडंला फडकं धरायची, दम धरायची, मग एक पान सोडवायची, पोळीचा पापुद्रा काढावा तसं. एक बी फाटलं न्हाई. मी सोडवाय गेलो असतो तर चार तरी फाडली असती. सगळी सुटल्यावर तिनं पुस्तक मास्तरांपुढं ठेवलं.

"वाचा. निम्मी पोथी ऐकून उठायला मी काय लेकरू हाय?"

मास्तरांनी वाचलं. आवाज बारीक काढला, पन एक अक्षर गाळलं न्हाई. भावानं लिवलं हुतं की इथनं पुढं मी लिवतोय. दवाखाना, ताप, मग टपालानं आलेली वही आन् तिच्यासंगं आलेला लाकडाचा कंगवा. संपलं.

आत्या म्हनली, "त्याच्या आईला कळलं नव्हं पन?"

"कळलं."

"लिवून कळवलं कुनीतरी."

"हो, आत्या."

"मग मला बी कळंल. काय असंल ते." तिनं पुस्तकाला हळद-कुकू वाहिलं आन् जेवनाची पानं मांडायला सांगितली.

पुरनपोळी सगळ्यांना वाढली, मला बी. माज्या घशाखाली घास उतरंना. चार खाल्ल्या, पन उतरंना.

पत्र समाप्तीला आलं न्हाई. पुढं दोन महिन्यांनी आलं, चार वळी, खुशाल हाय म्हनून. तवर आत्यानं एकदा बी ते पुस्तक खोटं म्हनलं न्हाई, आन् मला खरं म्हनलं न्हाई.

लढाई सरली. पोरगं घरी आलं, काळं ठिक्कर, निम्म्या अंगाचं. पयले काही दिवस नुसतं नदीकडं बगत बसायचं. मग एकदा सांजंला आत्या त्याला घेऊन वाचनालयात आली. मास्तर कपाटाशी हुते. पोरगं म्हनलं, "लढाईचं एखादं पुस्तक द्या. घडलेलं."

मला राहवतंय व्हय. मी झाडू खाली ठेवला आन् सुरू झालो. म्हनलो, "ह्ये बघ, खऱ्या लढाईच्या पुस्तकात गडी चालतो लई, लढतो कमी. त्याला दर दोन पानाला तहान लागती. टपाल येत न्हाई. आन् उवा..."

पोरगं ऐकत हुतं. हसलं का काय ते मला कळलं न्हाई. मास्तरांनी तवर कपाटातनं ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं मागनं उघडलं. शेवटची पानं खळीच्या डागांनी कडक झालेली, आन् आता त्यांचे बी कोपरे काळे.

मी म्हनलो, "तेच मी सांगनार हुतो."

आत्या म्हनली, "ज्याला शेवट चिकटवावा लागतो, त्यानं दुसऱ्याला पुस्तक सांगू नये. माठ रिकामा हाय, जा, भर."