नवरा गहाण ठेवून निवडलेली स्की

दुबईतल्या एका मॉलमध्ये, भर शुक्रवारी दुपारी, मी पायात स्कीचे कडक बूट आणि खांद्यावर स्कीची जोडी घेऊन तीन मजले जिने चढले होते... लिफ्ट चालू असताना. दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. खाली फूड कोर्टात लोक बिर्याणी खात होते.

कारण सांगते. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत माझ्याबरोबर नादिन नावाची लेबनीज बाई होती. दर हिवाळ्यात ती आम्हा चार-पाच जणांना आपल्या गावाकडच्या डोंगरात न्यायची. तिथल्या रिसॉर्टच्या उतारावर मी पन्नाशीनंतर स्की शिकले, आणि बरी शिकले.

पण सहलीतला एक दिवस सगळे मागच्या डोंगरावर जायचे. तिथे उतारावरून वर नेणारी पाळण्यांची लिफ्ट नाही... आपल्या पायांनी चढायचं आणि कोणी न तुडवलेल्या भुसभुशीत बर्फातून उतरायचं. त्या दिवशी मला फार प्रेमाने सांगितलं जायचं, तू कॅफेत बस, हॉट चॉकलेट पी.

तीन हिवाळे मी ते गिळगिळीत पेय प्यायले. त्या वर्षी मी रिटायर झाले होते, मार्चमध्ये कायमचं नाशिकला परतायचं होतं. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. नादिनला मी सांगून टाकलं की या वेळी मी वर येणार. तिने एकच अट घातली, तिथे भाड्याने मिळतात त्या स्की फक्त रिसॉर्टच्या उतारापुरत्या असतात, तेव्हा स्वतःची आण. आणि दोन्हीकडे चालेल अशी एकच जोडी आण, दोन जोड्या कोण वाहणार?

म्हणून त्या दुकानात गेलो, मी आणि माझे यजमान. सेल्समनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. यजमानांना म्हणाला, "सर, मॅडम के लिए ये देखिए, कलर बहुत ब्यूटीफुल है." जांभळी, फुलाफुलांची, आखूड जोडी. खोल बर्फात ती माझ्यासकट बुडाली असती.

मी म्हटलं, "पैर मेरे हैं. बात मुझसे करो."

मग तो निमूटपणे माल काढायला लागला. एक जोडी इतकी रुंद, की तिच्यावर इस्त्री करता आली असती. भुसभुशीत बर्फावर ती तरंगणार हे खरं, पण रिसॉर्टच्या घट्ट बर्फात वळायचं तर तिची धार रुतायला वेळ लागणार. दुसरी अरुंद आणि हलकी. चढायला सुख... पण खडबडीत उतारावर दात खिळखिळे करणारी.

तिसरी मधली. बुटाखाली माझ्या चार बोटांहून जरा रुंद, टोक थोडं वर उचललेलं. रंग शेणासारखा. सेल्समन म्हणाला, ये जेंट्स मॉडेल है. बर्फाला ते कोण सांगणार होतं, मला कळलं नाही.

वजनाचं काय, विचारलं तर म्हणे, उचलून बघा, हलकीच आहे. एसीत मिनिटभर उचलली तर कुठलीही वस्तू हलकीच लागते! मी म्हटलं, जिना चढून बघते. मॅनेजर धावत आला, माल दुकानाबाहेर नेता येणार नाही म्हणाला.

"मग माझा नवरा गहाण ठेवून घ्या," मी म्हटलं.

मॅनेजर हसला आणि तिथेच हरला. यजमानांना बूट घालून बघायच्या स्टुलावर बसवलं आणि मी निघाले. रुंद जोडीने दुसऱ्याच मजल्यावर गुडघ्यांत कळ आणली. परत येऊन मधली घेतली... तिने तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. सिक्युरिटीवाल्याने बाजूला होऊन वाट दिली, न जाणो बाई चावली तर.

विजयी मुद्रेने दुकानात आले, म्हटलं खलास, हीच पॅक करा. तेव्हा आमचे हे स्टुलावरूनच म्हणाले, "हिची टाच सुटत नाही."

यांचं आयुष्य शारजा औद्योगिक क्षेत्रात कंप्रेसर उघडण्यात गेलेलं. बसल्या बसल्या यांनी प्रत्येक जोडीवरची बुटाची पकड खालीवर करून पाहिली होती. या पकडीत टाच कायमची जखडलेली. उतरायला ठीक, पण डोंगर चढायचा तर पावलागणिक टाच उचलावी लागते. मी रुंदी पाहिली, वजन पाहिलं, जिने चढले... आणि पकडीकडे बघितलंच नाही. तशीच नेली असती तर पुन्हा कॅफे आणि पुन्हा तो कप.

मी चिडले. "अहो, मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"मी गहाण होतो," ते म्हणाले.

चढताना टाच मोकळी होणारी आणि उतरताना जखडता येणारी पकड दुकानात नव्हती. मागवतो, येईल इन्शाल्ला, असं मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, इन्शाल्ला असू द्या, तारीखही सांगा. ती येईपर्यंत रोज फोन केला. सेल्समन शेवटी माझा आवाज ऐकताच, "यस मॅडम, नॉट येट मॅडम," म्हणायचा.

आली.

जानेवारीत त्या डोंगराखाली मी स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे चढताना मागे घसरत नाही. टाचा मोकळ्या केल्या आणि सगळ्यांच्या मागून निघाले. एक पाऊल सरकवायचं, श्वास घ्यायचा, दुसरं सरकवायचं. कोणाशी बोलायला दम नव्हता. माझ्याबाबतीत हे प्रथमच घडत असावं.

अर्ध्या चढावर नादिनने वळून पाहिलं. मला वाटलं आता थांबेल, बरी आहेस ना विचारेल, खाली जा म्हणेल. ती तशीच वळली आणि पुढे चढायला लागली.

उतरताना मी किती वेळा पडले ते सोडा. पण इतक्या वर्षांत माझी काळजी पुष्कळांनी केली... मी वर येणारच हे गृहीत धरून पुढे चालू लागणारी तीच पहिली. नादिन, त्या न थांबण्याबद्दल तुझे मनापासून आभार.