झग्याखालची पाठ

तरुणांमध्ये सेवा करायची म्हणजे गाणी शिकवायची आणि पोरं चर्चमध्ये टिकवायची, असं मला नेमताना पाळकसाहेब म्हणाले होते. मार खावा लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. रविवारच्या बैठकीसाठी मी भंडाऱ्याहून एसटीने सानगडीला जायचो आणि तिथे पोचल्यावर आधी एका पोराचं तोंड बघायचो. कधी ओठ फाटलेला, कधी डोळा सुजून बंद.

तो विशीतला होता, धान पिकवणाऱ्या हिंदू घरातला. बैठकीला येतो म्हणून थोरला भाऊ त्याला बदडून काढायचा. मी समजावायला घरी गेलो, तर भाऊ बैल हाकायची काठी घेऊन माझ्याच अंगावर धावून आला.

"हा इसाई झाला तं माह्या बहिनीसंग लगन कोन करन?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. शिव्या अगदी ओठांवर आल्या होत्या, सेवक म्हणून गिळल्या.

"येऊ नकोस रे, एखाद्या दिवशी जीव जाईल तुझा," मी पोराला म्हणालो.

"मारू द्या ना भाऊ. मी येतो." बैठकीतली पोरं मला भाऊच म्हणायची.

मला त्याचा अभिमान वाटायचा आणि भीतीही वाटायची.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आम्ही येशूच्या दुःखसहनाचं नाटक बसवलं. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हटलं की अख्खं गाव लोटतं, मग ते कुणाच्या का देवाचं असेना. येशूचं काम त्याने हट्टाने मागून घेतलं. त्याला फटके मारणाऱ्या रोमी शिपायाचा आसूड सुतळीचा होता, लाल रंगात भिजवलेला. तो हलकेच टेकला की पांढऱ्या झग्यावर रक्त उमटल्यासारखं दिसायचं.

संध्याकाळी मांडवात, बाकांवर फळ्या टाकून केलेल्या मंचाभोवती गॅसबत्त्या पेटल्या. भाऊ पहिल्याच रांगेत, हातात तीच काठी. नाटक उधळायलाच आलाय हे मी ओळखलं. फटक्यांचा प्रसंग आला आणि पोराने झगा काढून टाकला. तालमीत असं कधीच केलं नव्हतं. शिपाई क्षणभर गोंधळला, मग त्याने आसूड फिरवला. उघड्या पाठीवर लाल रेघा ओघळल्या, पोरगा ओरडला, बायका रडू लागल्या.

तेवढ्यात भाऊ उडी मारून वर आला.

"माह्या भावाले काहून मारून राहिला बे?"

काठी शिपायाच्या तोंडावर बसली. तो मंचावरून उलटा पडला. मी मध्ये घुसलो तर दुसरा घाव माझ्या खांद्यावर. धक्काबुक्कीत मांडवाचा खांब कोसळला, लोक एकमेकांना तुडवत पळाले. भाऊ मात्र खाली बसला आणि आपल्या दुपट्ट्याने धाकट्याची पाठ पुसू लागला.

रंग निघाला. खाली काळेनिळे वळ होते, काही खपली धरलेले, बरोबर काठीच्या जाडीचे. पोरगा कळवळला. पळणारे लोक थांबून बघत होते. भावाने हातातल्या काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुनं दाखवलं लोकायले!"

पुढचा घाव तोंडावर आला. माझे दोन दात त्या फळ्यांवर पडले. पोरानेच भावाचा हात धरून त्याला घरी नेलं.

त्यानंतर तो बैठकीला आला नाही. चर्चच्या मंडळीतल्या वडीलजनांनी मला बोलावून मोडलेल्या मांडवाबद्दल विचारलं. पोराबद्दल एकानेही नाही. मीही मग टेबलावर मूठ आपटून त्यांना नको नको ते बोललो.

पावसाळ्यानंतर सानगडीच्या बाजारात तो दिसला. ओठ धड, डोळे साफ.

"अजून मारतो का तो?"

"नाही भाऊ. त्या दिवसापासून हात नाही लावला."

"मग येत का नाहीस?" मी भर बाजारात ओरडलो.



"मारे तवा येत होतो, भाऊ. आता निघतो म्हनलं का दादा रडते."