वडील जिवंत असताना केलेलं मुंडण

माझ्या ताईला कॅन्सर झाला, तेव्हा मुरबाडकडच्या तिच्या सासरी अख्ख्या गावाला पहिल्याच दिवशी कळलं, कारण तिनंच सांगितलं. बायकांनी कामं वाटून घेतली. एकीनं भाकऱ्या घेतल्या, एकीनं म्हैस. केस गेल्यावर ताई डोक्यावरचा पदर सारून शेजारणीला विचारायची, "बघ गो, नारळ नीट सोललाय ना?" आणि दोघी हसून लोळायच्या.

ती बरी झाली आणि माझा नंबर लागला. मी पुरुष. भातसानगरच्या ऑफिसात मी "ट्रेनिंगला जातोय" असं सांगून ठेवलं. गावी वडिलांनाही तेच. ताईच्या वेळी ते चार घास जेवत नव्हते, आता माझं ऐकून खचतील, म्हणून बायकोला शपथच घातली.

"त्यांना झेपेल," ती म्हणाली. "तुमालाच झेपत नाय."

दुसऱ्या डोसनंतर उशीवर केस दिसायला लागले. मिशीही विरळ झाली. सलूनमध्ये बसलो आणि सगळंच उतरवलं. आमच्याकडे पुरुषानं डोकं आणि मिशी एकदम काढली की लोक काय समजतात, हे त्या गुळगुळीत डोक्यात आलंच नाही. ऑफिसात शिरलो तर साहेब उठून उभे. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वडील?"

ट्रेनिंगमध्ये केस काढायला लावतात, असं सांगायला तोंड उघडलं, पण ते मलाच पटेना. मान हलली. मी हलवली असं म्हणणार नाही, हलली.

रविवारी मला न कळवता ऑफिसची जीप सिद्धगडाकडच्या आमच्या गावी भेटायला गेली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सोबत केळी. ओट्यावर एक म्हातारा कोयत्याला धार लावत बसलेला.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

साहेबांनी माझं नाव सांगितलं. "त्यांचे वडील."

"मंग मीच की," म्हातारा म्हणाला. "बसा. एवढ्या लांबून आलाव, जेवूनच जा."

जेवले. केळी वडिलांनी खाल्ली.

संध्याकाळी त्याच जीपमधून वडील शहापूरला माझ्या दारात उतरले. साहेब खाली उतरलेच नाहीत. वडिलांनी माझं डोकं पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. शपथ घेतलेल्या बायकोनं एका दमात सगळं सांगून टाकलं. मी भिंतीकडे तोंड केलं. आता रडतील, मग मी रडेन. मागं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला मारलास ते मारलास," वडील म्हणाले, "पन तेराव्याचं जेवान तरी घालायचंस रे लोकांना. परत कदी जायचाय?"

"मंगळवारी. तुमी नका येऊ."

"मेलेल्या मानसाला काय काम असतंय? येतो."

वॉर्डात बायकांच्या रांगेत लोणच्याच्या मिठावरून वाद चालू होता. आमच्या रांगेत सगळे सलाइनचे थेंब बघत होते. वडील थेट बायकांत जाऊन बसले आणि आपलं मरण जीपपासून सांगू लागले. दटावायला आलेली नर्स केळ्यांपर्यंत थांबली. एका बाईला हसून ठसका लागला.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ होते. मागच्या दोन्ही वेळा त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. ते माझ्याकडे वाकले.

"मी घरी मूळव्याध सांगितलीय," ते म्हणाले. "तुमच्या वडलांना जरा इकडं बोलवा ना."