नाक नसलेले तय्यबभाई

फिरदोसच्या चित्रातल्या म्हाताऱ्याला नाक काढलं ते मी. टेबलावर कागद होता, शेजारी पेन होतं, आणि माझ्यातला मदतनीस अशा वेळी कुणाला विचारत बसत नाही. बाई घाईत विसरली असेल असं समजून मी एक ठसठशीत नाक बसवून दिलं.

ती चहा घेऊन आली आणि कागदाकडे बघत राहिली. "अनिलकाका, खलास केलंत. तीन संध्याकाळचं काम होतं."

इथे आखातात, अजमानला ती आमच्या समोरच्या दारात राहते. दिवसा स्टिकरच्या दुकानात डिझायनर. शाळेच्या डब्यांवर, बाटल्यांवर जपानी अ‍ॅनिमेसारखी मोठ्या डोळ्यांची पोरं काढते. हे चित्र मात्र तिच्या अब्बांचं होतं. तय्यबभाईंनी अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या कारखान्यांत एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. नोकरीबरोबर व्हिसाही संपला, म्हणून शुक्रवारी ते कायमचे रत्नागिरीला निघणार होते. आणि एरवी त्यांच्या खांद्यावरून न उतरणारा चार वर्षांचा नातू, फिरदोसचा रेहान, आता त्यांच्या खोलीच्या दारातूनच "नो, ही'ज स्केरी" म्हणून पळायचा. तय्यबभाई दिवसभर त्या दाराकडे बघत पडलेले असायचे.

फिरदोसने नवा कागद घेतला. मी गुन्हेगारासारखा शेजारी बसलो.

"डोळे मोठे, आणि चेहऱ्याच्या मध्याच्याही खाली," ती म्हणाली. "कपाळ मोठं, अंग आखूड. नाक म्हणजे फार तर ठिपका. तान्ह्या बाळाचं असतं तसं सगळं."

"एवढ्यानं क्यूट होतं?"

"बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, याला आपण सांभाळायचंय. तेवढं झालं की होतं."

गुरुवारी तिने स्टिकर छापून आणले. रेहानने एक सोलला आणि दारात उभा राहिला. चित्र बघितलं, मग आजोबा बघितले, पुन्हा चित्र. मग तो आत गेला आणि त्यांच्या उजव्या हातावर स्टिकर चिकटवून थोपटत म्हणाला, "धिस इज यू, नाना." तय्यबभाईंनी चालता हातसुद्धा हलवला नाही. पोर पळेल म्हणून असावं.

बाहेर आल्यावर मी फिरदोसला विचारलं, "सगळं इतकं गोंडस केलंस, मग तोंड तेवढं वाकडं का ठेवलंस? एक रेघ तर सरळ करायची होती."

"मग तो दुसऱ्याच कुणाजवळ गेला असता, काका."