म्हैसडॉक्टर

म्हैसडॉक्टर जनावराला अहोजाहो करायचे आणि त्याच्या मालकाला अरेतुरे. "बाई, जीभ दाखवता का जरा?" हे मांजरीला, आणि "बाजूला हो रे, उजेड अडवतोस," हे मला. सगळी नोकरी आरे कॉलनीतल्या म्हशींमध्ये गेलेली, म्हणून बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांना हे नाव पडलं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, "आहेच मी म्हशींचा. त्या निदान लक्षणं वाढवून सांगत नाहीत."

तपासायला आले की बराच वेळ ते काहीच करत नसत. लांब उभं राहून नुसतं बघायचं. जनावर श्वास कसा घेतंय, कुठल्या पायावर भार टाकतंय, कान कुठे वळवतंय. मालकाचा धीर सुटायचा. "आल्या आल्या हात लावला की ते घाबरतं. मग भीती तपासून होते, आजार तसाच राहतो," हे त्यांचं उत्तर. मग कान, हिरड्या, पोट आणि सगळ्यात शेवटी शेपटीखाली थर्मामीटर. शेपटी धरायचं काम माझं. मी नुकताच बँकेत लागलो होतो, त्यामुळे इस्त्रीच्या शर्टात हे करताना तोंड दुसरीकडे फिरवायचो. "अरे, लाजायचं तर बाईंनी. तुला काय झालं?"

ठमी ही आमच्या जिन्याखाली राहणारी कुत्री. म्हणायला सोसायटीची, खरी आईची. बाबा गेल्यापासून आई दिवसभर बोलायची ती तिच्याशीच. एका भाद्रपदात ठमीनं खाणं सोडलं. मीटरच्या पेटीखाली अंधारात जाऊन बसली, तोंडातून लाळ गळायला लागली. आईनं पुढे केलेली भाकरी तिनं हुंगलीसुद्धा नाही. सेक्रेटरींनी जाहीर केलं, "पिसाळलीय. कुत्र्यांची गाडी बोलावतो." त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत येत नसे.

आई जिन्यातच बसली. "आधी मला घाला गाडीत," म्हणाली. मी धावत जाऊन म्हैसडॉक्टरांना आणलं.

ते नेहमीसारखे लांब उभे राहिले. मागे अख्खी सोसायटी.

"अहो डॉक्टर, किती वेळ बघणार?" सेक्रेटरी.

"तू बोलायचा थांबेपर्यंत."

मग त्यांनी काठीनं पाण्याचं वाडगं पुढे सरकवलं. ठमी थोडं पाणी प्याली आणि आईकडे बघून तिनं शेपटी हलवली. "गिळता येतंय. माणूसही ओळखतायत बाई," ते पुटपुटले. तरी त्यांनी आईच्या जुन्या साडीची पट्टी तिच्या तोंडाला बांधली, मगच हात लावला. ताप नव्हता. शेपटी मीच धरली होती. ह्या वेळी तोंड फिरवायचं सुचलं नाही. पोटावर टिचकी मारली तर ते ढोलकीसारखं वाजलं. पट्टी सोडून त्यांनी तिचं तोंड हुंगलं आणि ते आमच्याकडे वळले.

"पितृपक्ष चाललाय ना रे? कुत्र्याचं पान कोण कोण ठेवतं?"

पहिला हात आईचाच वर गेला. मग समोरच्या काकूंचा. "आमच्याकडे खीर-वडेच असतात," काकू म्हणाल्या. मग वरच्या मजल्यांवरचे एकेक हात. प्रत्येकाला वाटत होतं, ठेवणारे आपण एकटेच. सेक्रेटरी शेवटी खाली बघत म्हणाले, "आमच्या आजोबांना घारगे आवडायचे."

"अरे, साऱ्या बिल्डिंगच्या पूर्वजांची पानं एकट्या जेवतायत ह्या! अजीर्ण झालंय बाईंना. उद्या लंघन, मग मऊ भात नि ताक. आणि पिसाळलीय म्हणून बोंबलायच्या आधी स्वतः काय खायला घातलंत ते आठवा."

आई हसत होती की रडत होती, कळेना. जिन्यात एवढा हशा झाला की ठमीच दचकून बाहेर आली. सेक्रेटरींनी न सांगता वाडगं उचललं आणि स्वतःच्या घरातून ताजं पाणी भरून आणलं.

डॉक्टर पुढे मुलाकडे नाशिकला गेले, तिकडेच वारले. ठमी त्याआधीच म्हातारी होऊन गेली होती. डॉक्टर गेले त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला आईनं खिडकीत बाबांच्या पानाशेजारी आणखी एक पान मांडलं. त्यावर वडे जरा जास्तच होते.

मी बँकेतल्या माणसाच्या काटेकोरपणानं म्हणालो, "आई, डॉक्टर आपल्या कुळातले नव्हते गं."

"ठमी तरी कुठे होती?" आई म्हणाली आणि तिनं त्या पानावर खीर वाढली.